डाळ बंद, मासळी बंद आणि प्रेशरची गोळीही बंद

पत्र आलं आहे डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं. त्या ४७ वर्षांच्या, यजमान ५१ वर्षांचे. यजमान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, पोट सुटलेलं आहे, रात्री घोरतात. जानेवारीत कारखान्याच्या आरोग्य शिबिरात त्यांचं प्रेशर १५२/९६ निघालं. डॉक्टरांनी पुन्हा बोलावून दोन वेळा मोजलं आणि सकाळची एक गोळी सुरू केली. एप्रिलमध्ये लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज केलं, त्यात युरिक ॲसिड वाढलेलं, ८.१ आलं. सांधा कुठलाही दुखत नाही. थोरल्या दिरांना मात्र पायाच्या अंगठ्याचा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार, आहे. त्यांनी सांगितलं, ‘सगळ्याचं मूळ युरिक ॲसिड. ते उतरलं की प्रेशर आपोआप उतरेल. प्रेशरची गोळी एकदा लागली की जन्मभराची.’ मेच्या अखेरीस यजमानांनी प्रेशरची गोळी सोडली आणि भावाच्या पाकिटातली युरिक ॲसिड उतरवणारी अॅलोप्युरिनॉलची गोळी घ्यायला सुरुवात केली. ताईंनी तूरडाळ, मसूर, अळसांदे, पालक आणि ताजी मासळी बंद केली. सासूबाई जेवणावरून रुसल्या आहेत. गेल्या आठवड्यात फार्मसीत सहज प्रेशर मोजलं तर १६४/१००. ताई विचारतात, ‘आधी युरिक ॲसिड उतरवायचं की प्रेशर? कुठली डाळ चालेल? आणि हे माझ्या हातच्या जेवणाने झालं का?’

ताई, नमस्कार.

आधी एक काम करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. उद्या सकाळी यजमानांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, ते नसतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, आणि प्रेशरचं औषध पुन्हा सुरू करून घ्या. जाताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि एप्रिलचा रिपोर्ट पिशवीत टाका. १६४/१०० असताना माणसाला काहीच जाणवत नाही, तो कामावर जातो, जेवतो, झोपतो, त्यामुळे घरच्यांनाही घाई वाटत नाही. पण छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूच्या हातापायातली शक्ती गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

आता तुमच्या पत्रातल्या तारखांकडे येऊ. प्रेशरची गोळी जानेवारीत सुरू झाली आणि युरिक ॲसिड पहिल्यांदा तपासलं एप्रिलमध्ये. म्हणजे गोळी आधी आणि ८.१ नंतर. त्याआधी ते किती होतं हे कोणीच पाहिलेलं नाही. तुम्ही लिहिलं आहे की गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे. प्रेशरच्या जोडगोळ्यांमध्ये हा एच बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायाझाइडचा असतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, चष्मा लावून वाचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर तुमच्या कोड्याचा निदान एक तुकडा सापडला. ही लघवी वाढवणारी औषधं आहेत. प्रेशर ती छान उतरवतात, पण मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाहीत, त्यामुळे रक्तातली पातळी चढते. फ्युरोसेमाइडचं तेच, आणि हृदयासाठी रोज घेतात त्या छोट्या ॲस्पिरिनचंही काही प्रमाणात तेच.

यातून गोळी वाईट ठरत नाही. या औषधांनी कितीतरी लोकांचा पक्षाघात टळला आहे. पण डॉक्टरांना एवढं विचारायला हरकत नाही: ‘युरिक ॲसिड वाढलं आहे, यांना दुसरी गोळी चालेल का?’ लोसार्टन नावाचं प्रेशरचं औषध युरिक ॲसिड थोडं खाली आणतं आणि अॅम्लोडिपिन ते वाढवत नाही. बदलायचं की नाही हे डॉक्टर मूत्रपिंड, साखर, पोटॅशियम बघून ठरवतील. ते म्हणाले ‘हीच ठेवू’, तर हीच ठेवायची.

आणखी एक गंमत पुढे होणार आहे, ती आताच सांगून ठेवते. यजमानांनी तीन आठवडे ‘एच’ची गोळी घेतलेली नाही आणि वर अॅलोप्युरिनॉल घेत आहेत. आज युरिक ॲसिड तपासलंत तर ते उतरलेलं दिसण्याची चांगलीच शक्यता आहे. मग घरात सगळे म्हणतील, बघा, डाळ बंद केल्याचा गुण आला! आणि तूरडाळ कायमची हद्दपार होईल. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही.

भावजी मात्र अगदीच हवेत बोललेले नाहीत, हे मी कबूल करते. त्यांच्या म्हणण्याला जवळजवळ दीडशे वर्षांची पार्श्वभूमी आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक अकबर मोहम्मद नावाचे डॉक्टर होते. (त्यांचे आजोबा शेख दीन मोहम्मद मूळचे पाटण्याचे, इंग्लंडला जाऊन ब्रायटनमध्ये चंपीची स्नानगृहं काढणारे!) नाडीचा दाब कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी सुधारलं होतं आणि १८७९ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की वाढलेल्या दाबाचे बरेच रुग्ण गाऊट असलेल्या घराण्यांतले असतात. पुढे हा धागा मागे पडला. मग २००१ मध्ये उंदरांवरचे प्रयोग आले: युरिक ॲसिड वाढवलं की उंदरांचं प्रेशर चढतं. कारणही समजलं. युरिक ॲसिडमुळे रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी होतो आणि मूत्रपिंडातल्या बारीक धमन्या जाड होतात. २००८ मध्ये अमेरिकेत नव्याने प्रेशर निघालेल्या ३० किशोरवयीन मुलांना चार आठवडे अॅलोप्युरिनॉल दिलं, तर २० जणांचं प्रेशर नॉर्मलला आलं. खोट्या गोळीवर असताना फक्त एकाचं आलं होतं.

भावजींचं म्हणणं इथवर बरोबर. पण हा अभ्यास कोवळ्या मुलांचा, तोही ३० जणांचा. २०२१ मध्ये तरुण प्रौढांवर अशीच चाचणी झाली, तिच्यात प्रेशर उतरलं नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधली मोठी चाचणी आली, साठीच्या पुढचे, हृदयविकार असलेले पण गाऊट नसलेले ५,७०० हून अधिक लोक. अॅलोप्युरिनॉलने त्यांचे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. आणि माणसाच्या जनुकांवरून माग काढणारा २०१३ चा एक अभ्यास आहे, त्यात युरिक ॲसिडमुळे प्रेशर वाढतं याला भक्कम पुरावा मिळाला नाही. उलट वजन वाढलं की युरिक ॲसिड वाढतं, हे मात्र दिसलं.

म्हणून माझं मत असं आहे की तुमच्या घरात ‘मूळ कोण’ हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. प्रेशर बराच काळ वाढलेलं असलं की मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि युरिक ॲसिड बाहेर पडणं मंदावतं, म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो. पोटाचा घेर वाढला की इन्शुलिनचं काम बिघडतं, मग मूत्रपिंड मीठही धरून ठेवतं आणि युरिक ॲसिडही. झोपेत घोरताना श्वास अडत असेल, तर त्यानेही दोन्ही वाढतात. घोरण्याचं तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलं आहे. डॉक्टरांना ते नीट सांगा: मध्येच श्वास थांबून मग हिसका बसतो का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी स्टोअरमध्ये बसल्या बसल्या पेंगतात का. हे यजमान स्वतः सांगू शकणार नाहीत, कारण तेव्हा ते झोपलेले असतात.

अॅलोप्युरिनॉलबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. भावजींसाठी ते औषध योग्य आहे. वारंवार गाऊटचे झटके येतात, कातडीखाली गाठी होतात, युरिक ॲसिडचे मुतखडे होतात, अशांना ते द्यायचंच असतं आणि पातळी ६ च्या खाली ठेवायची असते. पण सांधा न दुखता नुसता आकडा वाढलेल्या माणसाला ही गोळी सरसकट देऊ नये, असंच अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं आहे. शिवाय डोस मूत्रपिंड बघून १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून चढवत न्यायचा असतो. भावजींच्या पाकिटात किती मिलिग्रॅमची आहे, ते यजमानांना माहीत तरी आहे का? थोड्या लोकांना या औषधाने अंगावर भयानक पुरळ उठतं, ताप येतो, तोंडात फोड येतात, कातडी सुटते. ते बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच होतं. असं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता स्वयंपाकघर. ‘माझ्या हातच्या जेवणाने झालं का’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, पण सगळं पत्र त्याच ओझ्याखाली लिहिलेलं वाटलं. नाही, ताई. शरीरातल्या युरिक ॲसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग शरीर स्वतः बनवतं, जुन्या पेशी मोडताना. जेवणातून येतो तो राहिलेला तिसरा हिस्सा. पथ्याचा कितीही काच केला तरी आकडा जेमतेम १ ने हलतो. आणि डाळ तर यातून जवळपास सुटलेलीच आहे. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना १२ वर्षं पाहिलं, त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, पण डाळी, पालक, मश्रूम, फ्लॉवर खाणाऱ्यांत वाढला नाही. दूधदुभतं घेणाऱ्यांत तो कमीच होता. तेव्हा तूरडाळ उद्याच शिजवा. अळसांदे, मूग, तांबडी भाजी, सगळं चालेल, आणि ताकही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

मासळीचं थोडं वेगळं आहे. तारले, बांगडे, तिसऱ्या, शिणाण्यो यांत प्युरिन जास्त, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते, हे खरं. पण म्हणून घरातून मासळीच काढून टाकायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, ताटात एखाद-दुसरा तुकडा, एवढं पुरे. मटणातलं काळीज-गुर्दा मात्र नकोच. माझं लक्ष वेधून घेतलं ते तुमच्या दुसऱ्याच वाक्याने. तुम्ही लिहिता, ‘ताजी मासळी बंद केली, तशी आता मिळतही नाही, म्हणून सुक्यावर भागवते.’ १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, घरात मेमध्ये भरून ठेवलेला पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. म्हणजे बांगड्याच्या हुमणाच्या जागी रोज सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, खारा बांगडा भाजून, सोबत मिठात घातलेली तोरं (कैऱ्या), पापड, आणि कोकमाच्या आगळाची सोलकढी. सुकवताना मासळीतलं पाणी उडतं, प्युरिन उडत नाही, आणि वरून मीठ चढतं. प्रेशरच्या माणसाच्या ताटात याहून वाईट अदलाबदल मला सुचली नसती! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळं धरून, पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावातलं मीठसुद्धा. सुकं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात गोव्यात ते कोण ऐकणार? आठवड्यातून एकदा चिमूटभर किसमूर तोंडी लावायला, ती धुऊन, वर मीठ न घालता. आगळ विकत घेताना त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवा. सुकी आमसुलं भिजत घातली तर मीठ आपल्या हातात राहतं.

एक वाक्य तुम्ही कंसात लिहिलं आहे: ‘संध्याकाळी थोडं घेतात, पण ते काय, सगळेच घेतात.’ ताई, डाळीवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि याला कंस दिलात. युरिक ॲसिडसाठी सगळ्यात वाईट बियर, कारण तिच्यात प्युरिनही आहे आणि अल्कोहोलही. फेणी, व्हिस्की त्यामागोमाग. काजूच्या उर्राकाचा हंगाम संपला असला तरी त्यात गोड लिंबू सोडा ओतायची सवय वर्षभर चालू असते, आणि ती साखर वेगळं नुकसान करते. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना थेट युरिक ॲसिड तयार होतं. बाटलीतली थंड पेयं, कोकम सरबताचा गोड पाक, आमरसावर घातलेली साखर, सगळं त्यातच. प्रेशरही दारूने वाढतंच. दोन्ही आकड्यांना एकाच वेळी खाली आणणारी जागा शोधत असाल, तर ती कुकरमध्ये नाही, या ग्लासात आहे. पण ग्लास त्यांच्या हातात आहे, तुमच्या नाही, आणि ते त्यांच्याशीच बोलावं लागेल.

खरं तर हे पत्र त्यांनी लिहायला हवं होतं. प्रेशर त्यांचं, गोळी त्यांनी सोडली, भावाची गोळी त्यांनी घेतली, आणि पथ्य मात्र तुम्ही पाळता आहात. माझ्याकडे अशी जोडपी येतात, तेव्हा बायको वही घेऊन बसलेली असते आणि नवरा खिडकीबाहेर बघत असतो. भांडून काही हाती लागणार नाही. ‘गोळी जन्मभराची’ या भीतीबद्दल त्यांना विचारा. बऱ्याच पुरुषांना गोळीची भीती नसते, आपण आजारी माणसांत मोजले जाऊ याची असते. त्यांना हेही सांगा की वजन पाच-सहा किलोंनी उतरलं, मीठ-दारू कमी झाली, तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी गोळी थांबवतातही. पण ते गोळी चालू असताना, मोजून मोजून. उपाशी राहून वजन उतरवू नका, कडक उपवासाने युरिक ॲसिड उलट चढतं. चतुर्थीपूर्वी झटपट बारीक होण्याचे बेत यजमानांनी केले असतील तर ते मोडा.

भावजींना बाजूला सारू नका, त्यांना कामाला लावा. घरात त्यांचा शब्द चालतो, तर त्यांनाच म्हणा, ‘तुम्ही यांना डॉक्टरांकडे घेऊन चला, तुम्हाला यातलं कळतं.’ डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचंही समाधान होईल. आणि एकदा त्यांचंही प्रेशर मोजून घ्या. गाऊट असलेल्यांत ते वाढलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

डॉक्टरांकडे गेलात की क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, तीन महिन्यांची साखर, पोटॅशियम आणि कोलेस्टेरॉल हे बघून घ्या. युरिक ॲसिडपेक्षा मूत्रपिंडाची ही माहिती जास्त कामाची आहे. नवा औषधाचा बेत ठरला की युरिक ॲसिड दीड-दोन महिन्यांनी पुन्हा, मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, आणि दर पंधरवड्याला तर अजिबात नको. सोडा खाऊन ॲसिड मारायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, खायचा सोडा म्हणजे सोडियमच.

प्रेशर मात्र घरीच मोजा. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते वाढलेलंच समजायचं. वही त्यांनीच लिहायची, त्यांच्या अक्षरात. औषध सुरू झाल्यावर महिन्याभराने ती वही डॉक्टरांना दाखवा.

एखाद्या रात्री पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादर टेकली तरी सहन होईना, तर तो गाऊटचा पहिला झटका असू शकतो. तेव्हा फार्मसीतून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी स्वतः आणून देऊ नका. ती प्रेशर चढवते, आणि प्रेशरच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर मूत्रपिंडाला इजा करते. पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. झटका आला तर युरिक ॲसिडच्या औषधाचा विचार नव्याने करावा लागेल, आणि ते पाकीट तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहिलेलं असेल.